सेकंडहँड बाइक विकताना मीटर आणि कागद जुळत नाहीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी गाडी विकायला काढली की पहिला प्रश्न येतो, "किती चाललीय?" आणि पुष्कळांची गाडी तिथेच अडते. मीटर सांगतं एक, सर्व्हिस सेंटरचा रेकॉर्ड दुसरंच, आणि आधीच्या मालकाच्या पावतीवर तिसरा आकडा. याबद्दल जे परत परत विचारलं जातं ते इथे एकत्र केलं आहे. नियम आणि कलमं भारतातली आहेत, उदाहरणं बहुतेक महाराष्ट्रातली. अमेरिकेतल्या मंडळींनी सरळ प्रश्न १६ कडे जावं. माझं मत आधीच सांगून ठेवतो: तफावत असलेली गाडी बिनधास्त विकता येते, फक्त ती तफावत तुमच्या सहीच्या कागदावर असली पाहिजे.

१. आरसीवर किलोमीटर कुठे लिहिलेले असतात? मला सापडत नाहीत.

सापडणार नाहीत, कारण ते तिथे नसतात. आरसी पुस्तकाच्या रूपात असो वा स्मार्ट कार्डाच्या, तिच्यावर मालकाचं नाव, चेसीस नंबर, इंजिन नंबर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, इंधन, रंग आणि कर्ज असेल तर बँकेचं नाव असतं. नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि फॉर्म ३० मध्येही किलोमीटरचा रकाना नाही. त्यामुळे "मीटर जुळत नाही म्हणून आरटीओ ट्रान्सफर अडवेल" ही भीती डोक्यातून काढा. आरटीओ अडवतं ते वेगळ्याच गोष्टींवर: बँकेचा बोजा उतरवलेला नाही, इन्शुरन्स संपलाय, चलनं थकली आहेत, सही जुळत नाही.

हा गैरसमज बहुधा परदेशी व्हिडिओ बघून होतो. अमेरिकेत मालकीच्या कागदावरच मैल लिहितात. आपल्याकडे तशी पद्धत नाही.

२. आरसीवर नाही, तर मग तफावत निघते कुठून?

मुख्य जागा म्हणजे अधिकृत सर्व्हिस सेंटर. गाडी आत घेताना जॉब कार्डवर तारीख आणि मीटरचा आकडा टाकतात, आणि तो कंपनीच्या सिस्टीममध्ये राहतो. खरेदीदार हुशार असेल तर गाडीचा नंबर घेऊन शोरूमला जातो, तिथे ओळखीचा कोणी असला की पाच मिनिटांत सगळा इतिहास बाहेर.

बाकीच्या जागा लोकांच्या लक्षात येत नाहीत. अपघाताचा क्लेम झाला असेल तर सर्व्हेयरच्या रिपोर्टात मीटरचा आकडा असतो. सेकंडहँड लोन काढताना व्हॅल्युएशन करणारा तो लिहून घेतो. विमा नियामकाने जुलै २०२२ मध्ये "जितकं चालवाल तितका हप्ता" या धर्तीच्या पॉलिसीला परवानगी दिली. तशी पॉलिसी घेतली असेल तर विमा कंपनीकडेही आकडा आहे. आणि सगळ्यांत मजेदार पुरावा म्हणजे आधीच्या मालकाने टाकलेली ऑनलाइन जाहिरात. मीटरचा फोटो त्यात हमखास असतो आणि जाहिरात काढायचं कोणालाच सुचत नाही.

३. माझ्या मीटरवर कधी ३१,००० दिसतं, कधी ४१२. कोणतं खरं?

"ओडो" लिहिलेलं खरं, "ट्रिप" लिहिलेलं तुम्ही शून्य करू शकता असं. बटण दाबलं की आलटूनपालटून दिसतं. जाहिरातीचा फोटो काढताना ओडोवर ठेवा, इतकंच.

४. खरेदीदार नुसतं गाडी बघून "मीटर खरं नाही" म्हणतो. हे कसं ओळखतात?

गाडी मीटरपेक्षा जास्त बोलते. सराईत माणूस मीटर शेवटी बघतो. आधी फूटरेस्टच्या रबराच्या रेघा, गियर लिव्हरचं टोक, ब्रेक पेडलची झिजून चकचकीत झालेली कड, हँडलची ग्रिप. मग चेन-स्प्रॉकेट: दात हुकासारखे एका बाजूला वळले असतील तर ते पाच-सात हजारांचं काम नव्हे. डिस्क प्लेटवर नखाने कडेला लागणारा उंचवटा जाणवतो, आणि किमान जाडी किती चालेल ते बहुतेक प्लेटवरच कोरलेलं असतं.

टायर फार कामाला येतो. त्याच्या बाजूला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. समजा गाडी २०१८ ची, मीटर ९,००० दाखवतं आणि मागचा टायर २०२२ चा आहे. मूळ टायर नऊ हजारांच्या आतच का गेला, हे विचारणारच ना माणूस? पंक्चरने गेला असेल, पावती दाखवा. पावती नसेल तर तोंड बंद.

काट्याच्या जुन्या मीटरमध्ये आणखी एक खूण असते. मीटर उघडून आकडे फिरवले असतील तर ते एका रेषेत बसत नाहीत, एखादा अर्धा वर चढलेला दिसतो. मीटरच्या खालचे स्क्रू ओरखडलेले असतात, काचेच्या आत बोटाचा ठसा राहतो. डिजिटल मीटरवर यातलं काही दिसत नाही. तिथे झीज आणि जॉब कार्ड यांचाच आधार.

तुमच्या बाजूने याचा अर्थ असा की विकण्याआधी नवी ग्रिप आणि नवे फूटरेस्ट रबर घालून गाडी "फ्रेश" करू नका. घातलेच तर बिल जपा. कमी मीटर आणि ठिकठिकाणी नवं रबर, ही जोडी बघूनच संशय येतो.

५. मीटरची केबल तुटली होती, दोन वर्षं मीटर बंदच होतं. आता किती चालली म्हणून सांगू?

मोटरसायकलच्या बाबतीत सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हाच. काट्याच्या मीटरला पुढच्या चाकातल्या गरारीतून केबल येते. केबल तुटली किंवा गरारीचे दात गेले की काटाही थांबतो आणि आकडाही. गाडी मात्र धावतच राहते, आणि दीडशे-दोनशे रुपयांच्या केबलसाठी माणूस दोन वर्षं गॅरेजला जात नाही. हा आपल्याकडचा राष्ट्रीय स्वभाव आहे, त्याबद्दल लाज वाटून घेऊ नका.

अंदाज काढायचे दोन रस्ते आहेत. पहिला रोजच्या फेरीचा: घर ते कामाची जागा, येऊन-जाऊन किती, महिन्याचे किती दिवस. दुसरा पेट्रोलचा, आणि तो जास्त खरा निघतो, कारण पंपावर बहुतेक जण मोबाइलवरून पैसे देतात आणि तो हिशेब ॲपमध्ये पडून असतो. महिन्याला हजार रुपयांचं पेट्रोल, लिटरला १०५ रुपये धरले तर साडेनऊ लिटर. गाडी ५० चं ॲव्हरेज देत असेल तर महिन्याला पावणेपाचशे किलोमीटर, दोन वर्षांचे सुमारे साडेअकरा हजार. हा आकडा मीटरच्या आकड्यात मिळवून एकच संख्या सांगू नका. मीटर इतकं, बंद काळातला अंदाज इतका, असं वेगळं सांगा आणि तसंच लिहा. लिहायचा मजकूर प्रश्न ७ मध्ये आहे.

६. अपघातात मीटर फुटलं, शोरूमने नवं टाकलं आणि आता शून्यापासून मोजतंय. हे बेकायदा तर नाही ना?

नाही. नवं मीटर शून्यावरच येतं. काही कंपन्यांच्या डिजिटल मीटरमध्ये जुना आकडा चढवायची सोय अधिकृत सेंटरकडे असते, सगळ्यांकडे नसते. तुमचं काम एवढंच की मीटर बदलल्याचं बिल आणि त्या दिवशीचं जॉब कार्ड गाडीच्या कागदांत ठेवायचं. जुन्या मीटरचा शेवटचा आकडा त्यावर आहे का ते बघा. नसेल तर त्याच सेंटरकडून लेटरहेडवर लिहून घ्या: अमुक तारखेला, जुना आकडा इतका, नवं मीटर शून्यापासून. फुटलेलं मीटर काम संपेपर्यंत फेकू नका. काट्याच्या मीटरवर आकडा तसाच थांबलेला असतो, त्याचा चेसीस नंबरच्या प्लेटसोबत एक फोटो काढून ठेवा.

बाहेरच्या गॅरेजात भंगारातलं मीटर बसवलं असेल तर प्रकरण वेगळं. मग मीटरवरचा आकडा दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा असतो, तुमच्या गाडीशी त्याचा काही संबंध नाही. अशा वेळी "मीटर बदललेले, आकडा या गाडीचा नाही" एवढं स्वच्छ लिहायचं. अंदाज बांधायला जॉब कार्डांचा आधार घ्या.

७. विक्रीच्या पावतीत नक्की काय लिहायचं?

बाजारात मिळणारी छापील डिलिव्हरी नोट चालते, पण तिच्यात मीटरसाठी फार तर एक रिकामी जागा असते. खाली हाताने लिहा, दोघांच्या सह्या घ्या, दोन प्रती करा. केबल तुटलेल्या गाडीसाठी साधारण असा मजकूर पुरतो:

"ताबा देतेवेळी मीटरवरील आकडा २४,३१०. जून २०२१ ते जून २०२३ या काळात मीटर केबल तुटल्याने मीटर बंद होते. त्या काळातील अंदाजे धाव ११ ते १२ हजार कि.मी. गाडीची एकूण खरी धाव निश्चित सांगता येत नाही. ही बाब खरेदीदारास सांगितली असून त्यांनी गाडी स्वतः व मेकॅनिककडून पाहून घेतली आहे. ताबा दि. …, वेळ …"

तारखेबरोबर वेळ लिहायला विसरू नका. संध्याकाळी सहाला गाडी दिली आणि रात्री नऊला सिग्नल तोडल्याचं चलन आलं, तर ते कोणाचं हे मिनिटावर ठरतं. मीटरचा आकडा इथे दुसऱ्यांदा उपयोगी पडतो: ताबा २४,३१० ला दिला असं लिहिलं असेल तर त्यापुढचं धावणं तुमचं नाही.

स्टॅम्प पेपरवर करायचा आग्रह असेल तर महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांऐवजी ५०० चा स्टॅम्प लागतो. साध्या कागदावरची दोघांच्या सहीची पावतीही पुरावा म्हणून कामाला येते. आणि मीटरचा फोटो व्हॉट्सॲपवर खरेदीदाराला पाठवा, खाली लिहा "ताब्याच्या वेळचा आकडा". त्याचं "ओके" आलं की निम्मं काम झालं.

८. सर्व्हिस सेंटरने एकदा चुकीचा आकडा टाकलाय. गाडी तेव्हा २४,३१० वर होती आणि त्यांच्या रेकॉर्डला ४२,३१०!

आकडे उलटे टाइप होणं, एक शून्य जास्त पडणं हे सर्रास होतं. तुमच्या बाजूने पुरावा सोपा आहे: त्या जॉब कार्डाच्या आधीचा आणि नंतरचा आकडा. मार्चमध्ये १९,८००, ऑगस्टमध्ये ४२,३१०, पुढच्या फेब्रुवारीत २६,५००, असा क्रम असेल तर मधलं कार्ड चुकलंय हे कोणालाही कळतं.

सर्व्हिस मॅनेजरला लेखी अर्ज द्या, ई-मेल असेल तर उत्तम, जॉब कार्ड नंबर टाका आणि दुरुस्त करून किंवा निदान चूक मान्य असल्याचं लिहून मागा. "सिस्टीममध्ये बदलता येत नाही" असं उत्तर मिळण्याची शक्यता बरीच. चालेल, तेवढंच लिहून द्या म्हणा. ते पत्र खरेदीदाराला दाखवायला पुरतं. मात्र चुकीच्या कार्डाच्या नंतर एकही सर्व्हिस झालेली नसेल तर ताबडतोब जा. नंतरचा आकडा नसताना चूक सिद्ध करणं अवघड होतं.

९. मेकॅनिक म्हणतो, "दादा, मीटर मागे घेऊन देतो, पाच-सहा हजार जास्त मिळतील, सगळेच करतात." करू का?

नका करू. कारणं नैतिक आहेत ती तुम्हाला माहीत आहेत, मी व्यवहाराची सांगतो.

भारतात केवळ मीटर फिरवण्यासाठी वेगळा कायदा नाही, म्हणून लोकांना वाटतं की यात काही होत नाही. पण कमी आकडा दाखवून जास्त पैसे घेतले की ती सरळ फसवणूक. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या ४२० च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आलं. त्याच्या चौथ्या पोटकलमात सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. दिवाणी बाजूने करार कायदा, १८७२ च्या कलम १७ मध्ये माहीत असलेली गोष्ट कृती करून लपवणं ही फसवणूक धरली आहे, आणि कलम १९ प्रमाणे खरेदीदार व्यवहार रद्द करून पैसे परत मागू शकतो.

दुसरं, हे लपत नाही. तुम्ही मीटर बदलाल, प्रश्न २ मधल्या पाच जागी पडलेले आकडे बदलणार नाही. काही गाड्यांत धावण्याची नोंद मीटरबरोबर इंजिनाच्या ईसीयूतही (इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकातही) राहते. आणि मेकॅनिक? उद्या खरेदीदार त्याच गॅरेजला सर्व्हिसला गेला तर तोच हसत सांगेल. गाडी एक्स्टेंडेड वॉरंटीत असेल तर किलोमीटरची मर्यादा असते, फिरवलेलं मीटर सापडलं की वॉरंटीवर पाणी.

१०. खरेदीदाराने मीटरबद्दल विचारलंच नाही, तरी सांगायचं?

कायद्याच्या भाषेत नुसतं गप्प राहणं म्हणजे दर वेळी फसवणूक नसते. करार कायद्याच्या कलम १७ चं स्पष्टीकरण तसं म्हणतं, आणि साधी चौकशी करून ज्याला कळलं असतं त्याला नंतर तक्रारीला फारशी जागा कलम १९ ठेवत नाही. पण जाहिरातीत तुम्ही "फक्त २४,००० चाललेली" असं लिहिलं असेल तर तुम्ही गप्प कुठे होतात? तुम्ही बोललात, तेही चुकीचं. म्हणून जाहिरातीत "मीटर रीडिंग २४,३१०" असं लिहा, "२४,३१० चालली" असं नको. "जेन्युइन रनिंग" हे शब्द तर ज्याच्याकडे सगळी जॉब कार्डं आहेत त्यानेच वापरावेत.

माझं विचाराल तर विचारलं नाही तरी सांगा. नात्यात, सोसायटीत, ऑफिसात गाडी विकणारा माणूस त्या खरेदीदाराला नंतर रोज लिफ्टमध्ये भेटतो.

११. तफावत सांगितली की किंमत किती पडते?

ठरलेला दर नाही. १०० ते १२५ सीसीच्या रोजच्या गाड्यांत लोक आधी वर्ष बघतात, मग इंजिनाचा आवाज, मग कागद. मीटर चौथ्या नंबरावर. तिथे प्रामाणिकपणे सांगितलेल्या केबलच्या गोष्टीने फारसं बिघडत नाही. ३५० सीसीच्या वर, विशेषतः फिरायला घेतलेल्या महागड्या बाइकमध्ये, किलोमीटरला मोल आहे आणि खरेदीदार तफावत पकडून घासाघीस करणारच. एक उपाय आहे: विकण्याआधी अधिकृत सेंटरमधून पूर्ण सर्व्हिस आणि कॉम्प्रेशन तपासून घ्या, ताजं जॉब कार्ड हातात ठेवा. इंजिन ठणठणीत असल्याचा कागद समोर आला की मीटरवरची चर्चा लवकर आटोपते. ऑनलाइन कंपन्या मात्र आकड्यावरच भाव काढतात, त्यांच्याकडे गोष्ट सांगून उपयोग नाही.

१२. डीलर म्हणतो, "मीटरचं आम्ही बघून घेऊ, तुम्ही फक्त फॉर्मवर सह्या करा." देऊ का?

कोऱ्या फॉर्मवर सही कधीच नाही. डीलर मीटर फिरवून पुढे विकेल, आरसीवर नाव तुमचंच असेल, आणि तक्रार आली की पहिला फोन तुम्हाला. अपघात झाला तर आणखी वाईट: नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या फेब्रुवारी २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गाडी हातोहात कितीही जणांकडे गेली, तरी नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जाईल आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर.

१ एप्रिल २०२३ पासून अधिकृत जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी वेगळे नियम आहेत. आरटीओचं अधिकारपत्र घेतलेल्या डीलरला गाडी देताना फॉर्म २९सी पोर्टलवर भरला जातो आणि त्यानंतर पुढची विक्री होईपर्यंत तो डीलरच मालक मानला जातो. त्याला गाडीच्या फेऱ्यांची इलेक्ट्रॉनिक नोंदवहीही ठेवावी लागते, तिच्यात किलोमीटरही येतात. तेव्हा विचारायचा प्रश्न एकच: "अधिकारपत्र आहे का?" नसेल तर थेट खरेदीदार शोधा. आणि दोन्ही बाबतीत, गाडी सोडताना मीटरचा आकडा असलेली पावती घ्याच.

थेट विक्रीत मुदती अशा: खरेदीदार त्याच राज्यातला असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. दुसऱ्या राज्यात जात असेल तर फॉर्म २८ ने एनओसी घ्यायची आणि विकणाऱ्याला ४५ दिवस मिळतात.

१३. आता विकताना कळलं की मी घेतली तेव्हाच मीटर फिरवलेलं होतं. माझा काय दोष?

दोष नाही, पण आता तुम्हाला माहीत आहे. कळल्यानंतर जुनाच आकडा सांगून विकलीत तर पुढच्याच्या दृष्टीने तुम्हीही त्या साखळीतले.

तुम्ही डीलरकडून घेतली असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. हातात हवं: डीलरचं बिल किंवा जाहिरात ज्यात आकडा आहे, आणि त्याआधीचं जॉब कार्ड ज्यात मोठा आकडा आहे. दोन्ही मिळाले की वकिलाची नोटीस जाते तेव्हाच बरेच डीलर बोलायला बसतात. खाजगी माणसाकडून घेतली असेल तर तो धंदा म्हणून विकणारा नव्हे, त्यामुळे ग्राहक आयोगाचा रस्ता सहसा बंद. मग पोलीस तक्रार किंवा दिवाणी दावा. पन्नास हजारांच्या गाडीसाठी दिवाणी दावा लढवायचा का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

विकताना मात्र जुन्या जॉब कार्डाची झेरॉक्स पावतीला जोडा आणि "आधीच्या मालकाच्या काळात मीटरमध्ये तफावत आढळते" असं लिहा.

१४. वडिलांची जुनी बुलेट. मीटर १२,००० दाखवतं, पण ती लाख तरी चालली असेल. वडील आता नाहीत.

जुन्या काट्याच्या मीटरमध्ये किलोमीटरचे पाच आकडे आणि शेवटी वेगळ्या रंगाचा दशांश. ९९,९९९ झाले की पुन्हा शून्य. त्यामुळे १२,००० म्हणजे १,१२,०००, किंवा २,१२,००० सुद्धा. तुम्हाला माहीत नसेल तर "मीटर पूर्ण फेरी मारून पुन्हा सुरू झालेले असण्याची शक्यता, एकूण धाव माहीत नाही" असं लिहा. बुलेटच्या खरेदीदाराला याचं काही वाटत नाही. तो चेसीस नंबर, इंजिन मूळचं आहे का आणि आरसीचं नूतनीकरण झालंय का हे बघतो. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवावी लागते, आणि तिथे खरी अडचण निघते.

विकण्याआधी गाडी वारसाच्या नावावर यायला हवी. त्यासाठी फॉर्म ३१. वडिलांच्या नावाच्या आरसीवर भावंडांनी परस्पर सही करून विकायचे उद्योग करू नका.

१५. गोव्यात भाड्याने चालणारी स्कूटर खाजगी करून विकतात, मीटर फारच कमी असतं. घ्यावी का? किंवा माझ्याकडे तशी आहे, विकू कशी?

भाड्याच्या स्वतः-चालवायच्या दुचाकीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात. १९९७ च्या केंद्राच्या भाडे-मोटरसायकल योजनेखाली परवाना लागतो. परवाना सोडून ती खाजगीत बदलून घेतली की पाटी पांढरी होते, पण गाडीने पर्यटकांच्या हाताखाली काढलेला काळ काही पुसला जात नाही. कळंगुटच्या चढावर पहिल्या गियरमध्ये ओरडत गेलेल्या स्कूटरचे दहा हजार आणि पणजीत ऑफिसला जाणाऱ्या बाईंच्या स्कूटरचे दहा हजार सारखे नव्हेत.

विकत असाल तर "पूर्वी भाड्याने चालवलेली" हे आधी सांगा, मीटर नंतर. घेत असाल तर आरसीचा आणि वाहनाच्या वर्गबदलाचा इतिहास मागा. ती महाराष्ट्रात आणायची तर गोव्याची एनओसी आणि इथला कर, हा खर्च धरूनच भाव करा.

१६. मी अमेरिकेत आहे. माझ्या मोटरसायकलच्या टायटलवर (मालकीच्या कागदावर) ३१,००० मैल आहेत आणि मीटर १८,००० दाखवतं. विकता येईल का?

येईल, पण इथे हलगर्जीपणा महाग पडतो. फेडरल नियमाप्रमाणे (४९ सीएफआर, भाग ५८०) विकणाऱ्याने टायटलवर मैल लिहून सही करायची आणि तीनपैकी एक सांगायचं: आकडा खरा आहे, मीटरच्या मर्यादेपलीकडे गेलाय, किंवा आकडा खरा नाही, तफावत आहे. मीटर बदललेलं असेल आणि खरे मैल माहीत नसतील तर तिसरा पर्याय. पाच आकड्यांचं मीटर फेरी मारून आलं असेल तर दुसरा. तिसऱ्यावर खूण केली की तो शिक्का टायटलवर राहतो, म्हणून टायटलवरचा आकडाच मुळात कारकुनी चुकीने मोठा पडला असेल तर घाईने खूण करू नका. आधी सर्व्हिसची बिलं आणि जुन्या टायटलची प्रत घेऊन राज्याच्या मोटार वाहन खात्यातून टायटल दुरुस्त करून घ्या.

२०१० किंवा त्याआधीच्या मॉडेलला हे फेडरल डिस्क्लोजर आता लागत नाही. २०११ पासूनच्या मॉडेलना वीस वर्षं लागतं, म्हणजे २०११ चं मॉडेल २०३१ पर्यंत अडकलं. मोटरसायकलबाबत टायटलवर काय छापायचं हे राज्यागणिक बदलतं, ते आपल्या राज्याच्या फॉर्मवर बघा. सूट असली तरी खोटं लिहायची सूट नाही: फसवण्याच्या हेतूने केलं तर नुकसानीच्या तिप्पट किंवा १०,००० डॉलर, यातलं जे जास्त ते खरेदीदार वसूल करू शकतो.

एक गंमत: दुरुस्तीनंतर मीटर शून्यावर आणावं लागलं तर जुना आकडा आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी गाडीच्या डाव्या दाराच्या चौकटीला लावा, असं तिथला कायदा म्हणतो. मोटरसायकलने दार कुठून आणायचं? ती माहिती दुरुस्तीच्या बिलावर आणि विक्रीच्या पावतीवर लिहून ठेवा.

१७. परदेशातून आलेली बाइक आहे, मीटर मैलांत. जाहिरातीत काय लिहू?

जे दिसतं ते एककासकट. १८,००० मैल म्हणजे जवळजवळ २९,००० किलोमीटर. एकक न लिहिता नुसतं "१८,०००" लिहिलंत तर इथला खरेदीदार किलोमीटरच समजणार, आणि भांडण तुमच्या अंगावर येणार. मध्येच किलोमीटरचं मीटर बसवलं असेल तर प्रश्न ६ लागू.

१८. इलेक्ट्रिक स्कूटरलाही हे सगळं लागू का?

लागू, आणि थोडं जास्तच. बॅटरीची वॉरंटी "इतकी वर्षं किंवा इतके किलोमीटर, जे आधी" अशी असते, त्यामुळे इथे मीटर म्हणजे उरलेली वॉरंटी. ॲपमध्येही आकडा दिसतो. विकताना दोन्हीचे स्क्रीनशॉट द्या, बॅटरी बदलली असेल तर तिचं बिल द्या, आणि वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर जाते का ते कंपनीकडून लेखी घ्या. ॲपमधून आपलं खातं काढायला विसरू नका, नाहीतर नव्या मालकाची गाडी कुठे फिरतेय ते तुमच्या फोनवर दिसत राहील.

१९. विकून दीड महिना झाला. आता खरेदीदार म्हणतो मीटर खोटं आहे, पैसे परत द्या.

फोनवर वाद घालू नका, लेखी मागा: कोणत्या कागदावरून म्हणतोय, त्यावर तारीख काय. मग तुमची पावती काढा. तफावत पावतीत लिहिली असेल तर तिचा फोटो पाठवा, प्रकरण बहुधा तिथेच थंड होतं. लिहिली नसेल आणि त्याच्याकडे खरंच जुनं जॉब कार्ड असेल, तर आधी बघा ते सर्व्हिस सेंटरची चूक तर नाही (प्रश्न ८). चूक नसेल तर थोडे पैसे परत करून मिटवणं कोर्टापेक्षा स्वस्त. मिटवताना "मीटरच्या तफावतीबाबत अमुक रक्कम परत मिळाली, यापुढे तक्रार नाही" असं लिहून त्याची सही घ्या आणि पैसे रोख न देता खात्यावर पाठवा. आणि त्याने गाडी अजून स्वतःच्या नावावर केलेली नसेल, तर त्याच बैठकीत फॉर्म ३० चा अर्ज भरायला लावा.